अर्थशास्त्राचा वर्ग, कथकचा क्लास आणि ५२ टक्के हजेरी : एक प्रकरण अभ्यास

मी दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी, स्वायत्त महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. ज्या विद्यार्थिनीबद्दल हे लिहिते आहे तिची मी मेंटॉर, म्हणजे कॉलेजने नेमून दिलेली मार्गदर्शक शिक्षिका आहे. तिची, तिच्या वडिलांची आणि तिच्या नृत्यगुरूंची, ज्यांना अख्खं गाव ताई म्हणतं, परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि रुपयांचे आकडे ढोबळ केले आहेत. घटनाक्रम मात्र घडला तसाच आहे.

पार्श्वभूमी

नवीन शैक्षणिक धोरणाची पदवी रचना महाराष्ट्रातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाली. ही मुलगी जून २०२३ मध्ये बी.ए.ला आली, म्हणजे आमच्याकडच्या पहिल्याच तुकडीत. मेजर, म्हणजे मुख्य विषय, अर्थशास्त्र. ते तिने का घेतलं, याचं उत्तर सरळ होतं : वडील साखर कारखान्याच्या कार्यालयात, घरात पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच, आणि बँकेच्या किंवा एमपीएससीच्या परीक्षेला अर्थशास्त्र कामी येतं असं सगळ्यांनी सांगितलेलं.

कथक ती सातव्या वर्षापासून शिकत होती. आमच्या भागात शास्त्रीय नृत्याची शिडी म्हणजे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा. मंडळाचं मुख्य कार्यालय मिरजेला, जवळच असल्याने त्याचं नाव घरोघरी माहीत. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी चढण, आणि वर्षातून दोन सत्रं : एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर. कॉलेजला आली तेव्हा तिची मध्यमा पूर्ण झाली होती.

ताईंचा क्लास गावातल्या वाचनालयाच्या सभागृहात भरतो. जुलै २०२४ मध्ये ताईंच्या पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उभं राहून शिकवायला मनाई केली. ‘थोडे दिवस मी बघते,’ असं म्हणून या मुलीने क्लास हातात घेतला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि पटावर ४२ मुली होत्या.

प्रश्न

जानेवारी २०२५ मध्ये एकाच दिवशी माझ्या टेबलावर दोन कागद आले. एक तिसऱ्या सत्राचा निकाल : संख्याशास्त्राचा पेपर राहिलेला. दुसरा चौथ्या सत्राच्या हजेरीचा तक्ता : ५२ टक्के. परीक्षेला बसायला ७५ टक्के लागतात.

आमच्या पद्धतीप्रमाणे मी पालकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी वडील आले, खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, “मॅडम, तुम्हीच सांगा तिला क्लास बंद कर म्हणून. आमचं ऐकत नाही. नाच काय, लग्नानंतर सुटतोच.” मी बोलते म्हणाले. त्याच दुपारी ती आली. तिच्या हातात नाव कमी करण्याचा अर्ज होता. कॉलेज सोडून पुण्याला नृत्याच्या पदवीला जायचं तिने ठरवलं होतं.

इथे माझी पहिली चूक झाली होती, आणि ती पुढे बरीच महागात पडली. तिच्याशी एक शब्द न बोलता मी वडिलांना बोलावलं. घरात त्या रात्री जे झालं त्यातून तो अर्ज आला होता, विचारातून नव्हे. तिला ‘अर्थशास्त्र की नृत्य’ असा प्रश्न मी आणि वडिलांनी मिळून घालून दिला होता. तिने तो तोपर्यंत स्वतःला विचारलेलाच नव्हता.

मी अर्ज घेतला, फाडला नाही आणि पुढेही पाठवला नाही. “एक आठवडा दे मला,” म्हणाले. “तोवर एकच काम कर.”

आठवड्याची नोंद

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय वेळेच्या वापराचं सर्वेक्षण करतं. २०१९ मध्ये झालं, २०२४ मध्ये पुन्हा झालं. त्यात घरातल्या माणसाचा दिवस पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटींत भरून घेतात. श्रमाच्या प्रकरणात मी तो तक्ता वर्गात दाखवते. तसाच कोरा तक्ता तिला दिला आणि सात दिवस प्रामाणिकपणे भरून आणायला सांगितलं.

तो भरून आला तेव्हा आम्हा दोघींचाही अंदाज चुकला होता. संध्याकाळचा क्लास आठवड्याला साडेबारा तास. वर साडेचार तास किरकोळ कामं : परीक्षेचे फॉर्म, पालकांचे फोन, घुंगरांच्या सुटलेल्या दोऱ्या. पण क्लास संध्याकाळी आणि आमची व्याख्यानं सकाळी साडेसातपासून. मग हजेरी पडत होती कशाने?

तक्त्यात सकाळच्या चौकटींत लिहिलं होतं : ‘गॅदरिंग’. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं असतात. तीन शाळांमध्ये ती सकाळी जाऊन चित्रपटाच्या गाण्यांवर मुलांचे नाच बसवत होती. आठवड्याचे अकरा तास. शाळेमागे सात हजार मिळणार होते.

आणि तिच्या स्वतःच्या रियाजाच्या चौकटी होत्या फक्त तीन. आठवडाभरात दीड तास.

त्या तीन चौकटींवर बोट ठेवून मी विचारलं, “पुण्याला प्रवेशाच्या वेळी नाचून दाखवावं लागतं ना?” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मॅडम, मला वाटत होतं मी दिवसभर नाचतेच आहे.”

गॅदरिंगचे पैसे तिला कशाला हवे होते, हे विचारल्यावर खरी गाठ सापडली. ते क्लासला लागत होते. सभागृहाचं दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. म्हणजे कथकमुळे अर्थशास्त्र बुडत नव्हतं. कथकचा क्लास तोट्यात होता, तो भरून काढायला गॅदरिंग होतं आणि गॅदरिंगमुळे माझा वर्ग बुडत होता.

कोणते पर्याय होते

विभागात आम्ही तिघे आणि ती, असे दोनदा बसलो.

पहिला, वडील म्हणत होते तो : क्लास बंद. हजेरी सुधारली असती. पण ४२ मुली, तबल्याचे साथीदार आणि आजारी ताई या सगळ्यांचा भार तिच्या एकटीच्या ‘नाही’वर पडला असता. ती तो घेऊ शकली नसती.

दुसरा, पुणे किंवा मुंबई. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्याचं पदवी शिक्षण गुरुकुल पद्धतीने मिळतं. मुंबईत कनक रेळे यांनी उभं केलेलं नालंदा नृत्यकला महाविद्यालय आहे. दोन्ही नामांकित. अडचण अशी की तिचे अर्थशास्त्राच्या मेजरचे क्रेडिट, म्हणजे आतापर्यंत मिळवलेले श्रेयांक, नृत्याचं मेजर म्हणून चालणार नव्हते. पहिल्या वर्षापासून सुरुवात. अर्थात दीड वर्ष अगदीच वाया जात नव्हतं : दुसरं वर्ष पूर्ण करून, ठरलेले जादा ४ क्रेडिट मिळवून पदविका घेऊन बाहेर पडता येतं, आणि क्रेडिट ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या ऑनलाइन खात्यात जमा राहतात. म्हणून जायचंच असेल तर जानेवारीत नाही, मे महिन्यात जा, एवढं तरी स्पष्ट झालं.

तिसरा पर्याय तिला ठाऊकच नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला मुभा दिली आहे. दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत, किंवा एक प्रत्यक्ष आणि एक दूरशिक्षणाने. पुण्यात नृत्य आणि मुक्त विद्यापीठातून बी.ए., असं जमलं असतं. मला वैयक्तिकरीत्या हाच पर्याय सर्वांत चांगला वाटत होता. तो पैशांवर अडला. पुण्यातली खोली, खानावळ आणि फी मिळून वडिलांच्या पगाराचा निम्मा भाग गेला असता, आणि धाकटा भाऊ बारावीला होता.

चौथा : इथेच राहायचं, अर्थशास्त्र पूर्ण करायचं, पण क्लास तोट्यातून बाहेर काढायचा, म्हणजे गॅदरिंगच्या सकाळी मोकळ्या होतील. विशारद समांतर चालू. पुण्याचा निर्णय पदवीनंतर, पदव्युत्तर पातळीवर.

निर्णय तिचा होता. तिने चौथा घेतला आणि एक अट घातली : आठवड्यात रियाजाचे सहा तास कोणीही मागायचे नाहीत, ताईंनीही नाही. ही अट आमच्यापैकी कोणालाच सुचली नव्हती.

काय केलं

चौथ्या सत्रात आमच्याकडे २ क्रेडिटचा फील्ड प्रोजेक्ट असतो. तिने विषय घेतला स्वतःचाच क्लास : खर्च, फी आणि शिकवण्याचे तास. एका सहकाऱ्यांची हरकत होती की आपल्याच कामाचा अभ्यास तटस्थ कसा होणार. हरकत रास्त होती. म्हणून आकडे तपासण्याचं काम दुसऱ्या विद्यार्थ्याला दिलं.

ताईंकडे हिशोबाची वही नव्हती. शंभर पानी वहीत मुलींची नावं आणि पुढे टिकमार्क, एवढंच. त्यातून जे निघालं ते असं. पटावर ४२, पण नियमित फी देणाऱ्या ३१. महिना ४०० रुपये प्रमाणे १२,४०० जमा. सभागृह ३,५००, तबलावादकांचं मानधन ५,०००, वीज-झाडलोट ७००. सगळ्यांची फी वेळेवर आली तर उरले ३,२००. त्यातले २,००० ताईंच्या औषधांना आणि १,२०० तिला. महिन्याचे साधारण सत्तर तास. तासाला सतरा रुपये.

सहा वर्षांत फी वाढलेली नव्हती. तबलावादकांचं मानधन दोनदा, भाडं तीनदा वाढलं होतं.

इथे मला बॉमोल आणि बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगकलांबद्दल मांडलेला विचार तिला समजावता आला. कारखान्यात यंत्र येतं, तासाला जास्त माल निघतो, पगार वाढतात. चौघांनी वाजवायची रचना मात्र शंभर वर्षांपूर्वी जितका वेळ आणि जितकी माणसं मागायची तितकीच आजही मागते. बाकी सगळीकडचे पगार वाढले की कलेचा खर्चही वाढतो, पण कलेचा वेग वाढत नाही. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण मुली जास्त घेता येतात ना?” तिने तसं करून पाहिलं. सोळा आणि बारा मुलींच्या दोन बॅच एकत्र करून अठ्ठावीसची एक केली.

तिसऱ्या आठवड्यात मी बघायला गेले. ती पुढे मांडी घालून हातावर ताल धरून पढंत करत होती, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणत होती : ता थै थै तत, आ थै थै तत. तत्कारात, म्हणजे पायांच्या या मूळ बोलांत, पहिले चार बोल उजव्या पायाने सुरू होतात आणि ‘आ’ डाव्या पायावर येतो. पुढच्या दोन ओळी बरोबर होत्या. मागच्या ओळीतल्या सात-आठ मुली ‘आ’लाही उजवाच पाय टाकत होत्या, आणि अठ्ठावीस जोड्यांच्या घुंगरांत तो चुकलेला पाय ऐकूही येत नव्हता. तिला उठून, वाकून, एकेकीच्या पावलाकडे बघावं लागलं. चार आठवड्यांनी बॅच पुन्हा वेगळ्या केल्या. प्रकल्पाच्या अहवालात तिने यावर एक पान लिहिलं आहे. ते माझ्या मते संपूर्ण अहवालातलं सर्वांत चांगलं पान.

मग राहिली फी. ताईंशी पैशांबद्दल बोलायचं कसं, यावर ती महिनाभर अडून होती. “विद्येचा हिशोब मांडतेस का, असं म्हणतील त्या,” ही तिची भीती. मी बोलू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाली. शेवटी तिने वही ताईंच्या पुढ्यात ठेवली आणि फक्त तबलावादकांचा आकडा आणि भाड्याचा आकडा वाचून दाखवला, स्वतःचे तास सांगितलेच नाहीत. ते ताईंनीच विचारले. एप्रिलपासून फी ६०० झाली. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी सहा जागा उघडपणे विनाशुल्क ठेवल्या. आधीही अकरा मुली फी देत नव्हत्याच, पण तेव्हा ती उधारी होती आणि त्या मुलींच्या आया ताईंना चुकवून जायच्या.

एक पाऊल आम्ही चुकीचं टाकलं. खर्च कमी करायचा म्हणून तबल्याची साथ आठवड्यातून दोनच दिवस ठेवली आणि इतर दिवशी मोबाइलवरचा लेहरा, म्हणजे ताल धरून ठेवणारी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून. मानधन ५,०००चं २,५०० झालं. तक्त्यात हे फार सोपं दिसत होतं आणि सुचवलं मीच होतं. दोन महिन्यांत तिच्या लक्षात आलं की मुली ठोक्याला धरून नाचतात, पण समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येताना बघायला माणूस नसला की चेहरे कोरे राहतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर : ते काका पंचवीस वर्षं क्लासला साथ करत होते आणि त्यांना हा निर्णय तिच्याकडून नव्हे, एका पालकाकडून कळला. जुलैमध्ये पूर्ण साथ परत सुरू केली. तिने घरी जाऊन माफी मागितली. मी सोबत जायला हवं होतं, गेले नाही.

संख्याशास्त्राचं थोडं वेगळं सांगायचं आहे. सोळा मात्रांच्या तीनतालात पाच मात्रांचा तुकडा, एक मात्रा थांबा, असं तीनदा केलं की पंधरा आणि दोन, सतरा मात्रा होऊन तिहाई (तीनदा म्हटलेला तुकडा) पुढच्या समेवर येते, हे ती तोंडी करते. त्यामुळे मला वाटलं होतं की हिला आकडे जवळचे आहेत, पेपर सुटेल. तसं झालं नाही. लयीची मोजणी आणि प्रमाण विचलन यांचा तिच्या डोक्यात काही संबंध जुळेना. जुळलं ते फीच्या वहीवरून : सरासरी फी आणि मध्यगा (ओळीने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) वेगळ्या का येतात, उशिरा फी भरणाऱ्यांचं वितरण कसं काढायचं. एप्रिल २०२५ मध्ये पेपर सुटला.

परिणाम

चौथ्या सत्राची हजेरी शेवटी ७१ टक्क्यांवर थांबली. प्राचार्यांनी हमीपत्र आणि जादा स्वाध्याय घेऊन परीक्षेला बसू दिलं. पाचव्या सत्रात ती ८० टक्क्यांच्या वर होती. यंदाच्या गॅदरिंगला तिने एकच शाळा घेतली, तीही दुपारची.

क्लासमध्ये फी वाढल्यावर सहा मुली गेल्या. ३६ राहिल्या, तीस फी देणाऱ्या. १८,००० जमा, ९,२०० खर्च. खालच्या दोन बॅच मध्यमाची एक मुलगी आठवड्यातून दोन दिवस घेते, तिला १,०००. उरलेल्यातून ३,३०० ताईंना आणि ४,५०० हिला, अठ्ठेचाळीस तासांचे. गेलेल्या सहांपैकी दोघी हुशार होत्या आणि विनाशुल्क जागा मागायला त्यांच्या घरच्यांना संकोच वाटला, हे आम्हाला नंतर कळलं. तो तोटा कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये कॉलेजची परीक्षा आणि मंडळाची परीक्षा पुन्हा एकमेकींवर आल्या. २०२४ मध्ये हेच झालं होतं, तेव्हा तिने अकरा मुलींना परीक्षेला बसवलं, स्वतः विशारद प्रथम, म्हणजे विशारदचा पहिला टप्पा, दिलं आणि संख्याशास्त्राचा पेपर घालवला. यंदा तिने विशारद पूर्णचा, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचा, फॉर्म भरलाच नाही. ताईंना ते लागलं. तिलाही.

वेगळं काय करता आलं असतं

हजेरी घसरते आहे हे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच दिसत होतं. मी जानेवारीची वाट पाहिली, कारण यादी तेव्हा निघते. आता मी ६५ च्या खाली गेलेल्या प्रत्येकाला आधी स्वतः भेटते, पालकांना त्यानंतर. आणि पहिला प्रश्न ‘का येत नाहीस’ हा नसतो. ‘सकाळी साडेसातला कुठे असतेस’ हा असतो. पोल्ट्री, दुधाचं संकलन, आजीचं डायलिसिस, अशी उत्तरं मिळाली आहेत.

दोन्ही परीक्षांच्या तारखा जूनमध्येच समोरासमोर मांडता येतात. मंडळाचं सत्र ठरलेलं आहे आणि आमची स्वायत्त महाविद्यालयाची वेळापत्रकं आमच्याच हातात असतात. आठ दिवस पुढे-मागे सरकवणं अशक्य नव्हतं. मागणीच कोणी केली नाही, मीही नाही.

सहाव्या सत्रातली ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण, ४ क्रेडिट, १२० तास, तिने गावातल्या पतसंस्थेत घ्यावी असं मीच सुचवलं. आपल्याच क्लासमध्ये ती करता येणार नव्हती, तिथे तिच्यावर देखरेख करणारं कोणी नव्हतं. पतसंस्थेत ती कर्जाची खाती नीट शिकते आहे आणि वडील खूश आहेत. पण एखाद्या नाट्यगृहाच्या व्यवस्थापनात किंवा मोठ्या नृत्यसंस्थेच्या कार्यालयात पाठवता आलं असतं का, हे मी शोधलंच नाही. जवळचं ते धरलं. याबद्दल मला अजून चुटपूट आहे.

सहशालेय क्रेडिटच्या यादीत प्रयोगकला हा शब्द धोरणात आहे. आमच्याकडे प्रत्यक्षात खेळ, योग आणि एनएसएस एवढंच चालतं. ताईंनी खुर्चीत बसून पढंत, ताल आणि कथकचा परिचय शिकवावा, असा २ क्रेडिटचा अभ्यासक्रम मी लिहून दिला आहे. फाइल मानधनाच्या रकान्यावर अडली आहे. तासाला किती, असं कार्यालयाने विचारलं आहे. उत्तरात मी तिच्या प्रकल्पातलं पान जोडलं.

हे लिहिताना ती सहाव्या सत्रात आहे. चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं की पुण्याला नृत्याच्या पदव्युत्तरचा प्रयत्न करायचा, हे ठरलेलं नाही. वडील अजून बँकेचंच म्हणतात, पण गेल्या महिन्यात क्लासच्या वहीचे रकाने त्यांनी स्वतः आखून दिले. परवा तिने पुन्हा एक आठवड्याचा तक्ता भरून दाखवला, मी मागितला नसताना. रियाजाच्या चौकटी मोजल्या. अकरा होत्या, म्हणजे साडेपाच तास. “अर्धा तास कमी आहे मॅडम,” म्हणाली, “गुरुवारी पतसंस्थेत ऑडिट होतं.”